घटक ४ : मतपेटीसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर

४.१ प्रास्ताविक

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या पट्ट्यात आसगाव हे गाव आहे. मे १९५४ मध्ये या गावातील मतदाराला लोकसभेच्या एकाच पोटनिवडणुकीत दोन मते होती. मतदार २१ वर्षांवरील, स्त्री किंवा पुरुष, जमीनदार किंवा भूमिहीन, कोणीही असो, हातात दोन मतपत्रिका पडत. वैशाखाचे ऊन, तेंदूपाने तोडण्याचा हंगाम आणि मतदान केंद्रात ओळीने मांडलेल्या, निवडणूक चिन्हे लावलेल्या पेट्या. वाचता न येणाऱ्या माणसानेही चिन्ह ओळखून पेटीत मतपत्रिका टाकावी, अशी ती व्यवस्था होती. त्या पेट्यांपैकी एका पेटीवर हत्तीचे चिन्ह होते. ती पेटी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची.

विद्यार्थिमित्रहो, बाबासाहेबांच्या चरित्राशी आपला परिचय आहे. महाडचे तळे, पुणे करार, घटना समिती, नागपूरची दीक्षाभूमी या टप्प्यांनी ते चरित्र सामान्यतः सांगितले जाते. त्यांच्या जीवनातील निवडणुकांना मात्र बहुधा दोन-चार ओळींचीच जागा मिळते. कारण उघड आहे. त्यांपैकी शेवटच्या दोन लढतींत त्यांचा पराभव झाला, आणि चरित्रकाराची लेखणी नायकाच्या पराभवाजवळ फार काळ रेंगाळत नाही. या घटकात आपण नेमके तेथे थांबणार आहोत. प्रांतिक विधिमंडळाचे सदस्य म्हणून आंबेडकरांनी केलेले काम आणि मतदारांसमोर त्यांना आलेला अनुभव ही या चरित्राची एक सलग बाजू आहे. ती पाहिली म्हणजे १९३२, १९३७, १९५२ आणि १९५४ या वर्षांतील घटना एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. बहुसंख्यांच्या मतांवर अल्पसंख्य समाजाचा खरा प्रतिनिधी निवडून येऊ शकतो काय, हा तो प्रश्न होय.

४.२ नियुक्त सदस्य

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि पुढे लंडन हा त्यांचा शैक्षणिक प्रवास आपल्याला ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आपल्या विषयाची सुरुवात जानेवारी १९१९ मध्ये होते. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींवर मताधिकार दिला तर अस्पृश्य समाज मतदार यादीबाहेरच राहील. मग त्याच्या वतीने बोलणारा माणूस दुसऱ्यांच्या कृपेने निवडला जाईल. हा त्यांच्या निवेदनाचा गाभा होता. पुढच्या साडेतीन दशकांत त्यांनी उपायांविषयीची मते अनेकदा बदलली. कधी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, कधी स्वतंत्र मतदारसंघ, अखेरीस राखीव जागाच नकोत, अशी त्यांची भूमिका होत गेली. निदान मात्र बदलले नाही.

विधिमंडळात त्यांचा प्रवेश निवडणुकीने झाला नाही, हे लक्षात ठेवावे. मुंबईच्या विधान परिषदेवर दलित वर्गाचे प्रतिनिधी म्हणून सरकारने डॉ. आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची नियुक्ती केली. फेब्रुवारी १९२७ मध्ये आंबेडकरांनी सदस्यत्वाची शपथ घेतली आणि लगेच अर्थसंकल्पावर भाषण केले. नियुक्त सदस्य सरकारचा मिंधा असतो असा त्या काळी समज होता आणि तो सर्वस्वी चुकीचाही नव्हता. आंबेडकर मात्र पहिल्या भाषणापासून सरकारच्या करपद्धतीवर टीका करीत राहिले. शेतकऱ्यावर पडणारा जमीन महसुलाचा भार आणि गरिबांच्या शिक्षणावर होणारा तुटपुंजा खर्च हे त्यांचे विषय होते.

या सदनाने त्यांच्या चळवळीला आधीच एक हत्यार दिले होते. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव येथे संमत झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे कागदावर नोंदवले; तळ्याच्या काठी मात्र काहीच बदलले नाही. मार्च १९२७ चा सत्याग्रह हा त्या कागदाला प्रत्यक्षात उतरवण्याचा प्रयत्न होता. विधिमंडळातील ठराव आणि रस्त्यावरील चळवळ यांतले अंतर आंबेडकरांना सदस्यत्वाच्या पहिल्या दोन महिन्यांतच अनुभवाला आले.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. सर्वसामान्य भाषेत त्याला महार वतन विधेयक म्हणतात. महाराने गावकी आणि सरकार या दोन्ही धन्यांची रात्रंदिवस सेवा करावी आणि मोबदल्यात थोडी इनाम जमीन व बलुते घ्यावे, ही रीत मोडून काढणे हा त्याचा हेतू होता. ज्यांच्यासाठी हे विधेयक होते त्यांपैकीही अनेकांना वतन सोडण्याची भीती वाटत होती. विधेयक समितीकडे गेले, तेथे त्याचे रूप पालटले आणि १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले. त्याच सुमारास कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देणाऱ्या विधेयकाचा त्यांनी पुरस्कार केला. तो कायदा १९२९ मध्ये झाला. आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून नेमलेला सदस्य सर्व श्रमिक स्त्रियांच्या प्रश्नावर बोलतो, ही गोष्ट पुढच्या पक्षस्थापनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सायमन आयोगाला साह्य करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीवर आंबेडकर होते. समितीचा अहवाल त्यांना मान्य झाला नाही आणि मे १९२९ मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मताधिकार द्यावा ही मागणी आहे. प्रौढ मताधिकार मिळत असेल तर स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह नाही, राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ पुरेत, अशी त्यांची त्या वेळची भूमिका होती. गोलमेज परिषदेत प्रौढ मताधिकार मिळणार नाही असे स्पष्ट झाल्यावर ते स्वतंत्र मतदारसंघाकडे वळले. त्यानंतरचा भाग प्रसिद्ध आहे. ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने ते मतदारसंघ दिले, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा १४८ पर्यंत वाढल्या. प्राथमिक निवडणुकीत दलित मतदारांनी चार उमेदवार निवडावेत आणि त्यांतून अंतिम निवड सर्व मतदारांनी करावी, अशी पद्धत ठरली. जागा वाढल्या, पण अंतिम शब्द दुसऱ्यांच्या हाती गेला. या तडजोडीची किंमत आंबेडकरांना स्वतःच्या उमेदवारीत पुढे मोजावी लागली.

४.३ विजय : १९३७

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती, मजूर होता. खोती पद्धतीने पिचलेला कोकणातील कुळवाडी, मुंबईच्या गिरणीतील कामगार आणि गावकुसाबाहेरचा वतनदार महार यांना एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. अनंत चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे महाडपासूनचे सवर्ण सहकारीही सर्वसाधारण जागांवर विजयी झाले.

खुद्द आंबेडकर मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभा केलेला उमेदवार इतिहासप्रेमी वाचकाला थबकायला लावणारा आहे. ते होते पालवणकर बाळू, हिंदू संघाचे ख्यातनाम डावखुरे गोलंदाज. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता ते गोलंदाजी शिकले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांचा चेंडू झेलणारे सहकारी चहाच्या वेळी मात्र त्यांना वेगळ्या कपात चहा देत. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान वाटे. पुढे पुणे कराराच्या वेळी बाळू गांधीजींच्या बाजूला होते आणि करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. १९३७ मध्ये आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. दोन हजार मतांचे अंतर हा काही दणदणीत विजय नव्हे.

हा विजय कसा मिळाला हे समजण्यासाठी मतदानाच्या पद्धतीकडे पाहावे लागते. विद्यार्थ्यांनी हा तांत्रिक भाग कंटाळवाणा म्हणून गाळू नये. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांसाठी संचयी मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत आणि ती सारी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. त्यामुळे संख्येने लहान पण निर्धाराने एकत्र असलेला समाज आपली सगळी मते आपल्या माणसाच्या पारड्यात टाकू शकत असे. ही पद्धत सहज मिळालेली नव्हती. पुणे करारानंतर मतदारसंघांची आखणी होत असता दलित वर्गाच्या बाजूने तिच्यासाठी आग्रह धरण्यात आला होता.

आमदार आंबेडकरांची पुढची अडीच वर्षे विलक्षण घाईची आहेत. बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होते आणि आंबेडकर विरोधी बाकांवर. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. मंत्रिमंडळाने आणलेले औद्योगिक कलह विधेयक कामगारांचा संपाचा हक्क हिरावून घेते, असे त्यांचे मत होते. सभागृहातला विरोध अपुरा पडला तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. त्या संपात श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह कम्युनिस्ट त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. डांगे यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. त्याच महिन्यात पक्षाचे सदस्य प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव सभागृहात मांडला. १९३८ मध्ये हा विषय विधिमंडळात उच्चारणेही धाडसाचे होते, आणि ठराव फेटाळला गेला यात नवल नाही. १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधानसभेचे कामकाजच थांबले. खोती विधेयक कायद्यात रूपांतरित झाले नाही.

स्वयं-अध्ययन : १९२९ चा स्वतंत्र अहवाल आणि १९३२ चा पुणे करार यांतील मताधिकारविषयक भूमिकांत कोणता फरक दिसतो, ते आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहून पाहा. पुढील भाग त्यानंतर वाचावा.

४.४ बंगालमार्गे घटना समितीत

जुलै १९४२ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. मजूर पक्षाचे नाव मागे पडले व जातिसमूहाचे नाव पुढे आले. क्रिप्स योजनेने फक्त धार्मिक समूहांना मोजले आणि वर्गीय पक्षाला वाटाघाटीत जागाच उरली नाही, हे त्यामागचे कारण दिले जाते. ते पटण्यासारखे आहे. तरीही पक्षाचा पाया अरुंद झाला हेही खरे.

विदर्भात फेडरेशनला जी जमीन मिळाली ती आयती नव्हती. १९२० मध्येच शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला बहिष्कृत समाजाची परिषद भरली होती. किसन फागू बनसोड यांनी शाळा आणि वृत्तपत्रे चालवली होती. त्या काळी भंडारा जिल्ह्यात असलेल्या गोंदियाच्या कालीचरण नंदागवळींसारखे कार्यकर्ते होते. या भागातील महार समाजात विणकर होते, गिरणी कामगार होते, काही थोडे जमीनवालेही होते. कोकण आणि देशावरील वतनी व्यवस्थेपेक्षा येथील परिस्थिती काहीशी निराळी होती.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनची दाणादाण उडाली. मुंबई विधानसभेत पक्षाचा एकही सदस्य नव्हता. घटना समितीचे सदस्य विधानसभांचे सदस्य निवडून देणार होते, म्हणजे मुंबईतून आंबेडकरांना दार बंद झाले. ते उघडले बंगालमध्ये. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी जुलै १९४६ मध्ये ते बंगाल विधानसभेतून घटना समितीवर निवडून आले. काही लेखनात ते बंगालमधील अमुक जिल्ह्यांच्या मतदारसंघातून निवडून आल्याचे वाचायला मिळते. ती प्रत्यक्ष जनतेची निवडणूक नव्हती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. फाळणीने ते सदस्यत्वही गेले. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी खेर यांना पत्र लिहून त्यांना मुंबईतून तातडीने निवडून आणण्यास सुचवले, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते पुन्हा समितीत आले. ज्या काँग्रेसने दार बंद केले होते तिनेच ते उघडले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले.

कायदामंत्री या नात्याने १९५१ मध्ये त्यांनी लोकप्रतिनिधित्वाचा कायदा संसदेत मांडून संमत करून घेतला. त्या कायद्यात द्विसदस्य मतदारसंघाबाबत एक छोटीशी तरतूद आहे. मतदाराला जागांइतकी मते असतील, परंतु एका उमेदवाराला एकापेक्षा अधिक मत देता येणार नाही. म्हणजे १९३७ मध्ये ज्या संचयी मतदानाने आंबेडकरांना हात दिला, ते स्वतंत्र भारताच्या कायद्यात राहिले नाही, आणि तो कायदा त्यांच्याच हातून गेला. हिंदू कोड विधेयक रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि काही आठवड्यांतच ते मतदारांसमोर उभे राहिले.

४.५ पहिला पराभव : उत्तर मुंबई

जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. राखीव जागेवर आंबेडकर, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. काँग्रेसने राखीव जागेवर नारायण सदोबा काजरोळकर यांना उभे केले. सर्वसाधारण जागेसाठी कम्युनिस्टांकडून डांगे उभे होते. निकालात काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. अंतर १४,५६१ मतांचे. अशोक मेहताही पडले.

सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. दुसरे मत जाणूनबुजून वाया घालवण्याचा प्रचार डांगे यांच्या बाजूने झाला, असा आरोप करून आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. चौदा वर्षांपूर्वी संपात एकत्र असलेली ही दोन माणसे आता अशा रीतीने समोरासमोर आली. देशभरात फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातील करीमनगरहून एम. आर. कृष्णा. बाबासाहेब मात्र त्याच वर्षी मुंबई विधानसभेच्या मतांवर राज्यसभेत गेले. तेथे फेडरेशनचे बळ नगण्य होते. इतर विरोधी पक्षांच्या साह्याने ती निवड झाली.

४.६ दुसरा पराभव : भंडारा

भंडाऱ्याची पोटनिवडणूक कोणाच्या मृत्यूने आली नाही. ती न्यायालयाने आणली. १९५२ मध्ये भंडारा मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले होते. जसानी हे विड्या तयार करणाऱ्या एका पेढीचे भागीदार होते आणि त्या पेढीचा केंद्र सरकारला विड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी असा व्यवहार असणाऱ्याला निवडणूक लढवता येत नाही. तेंदूपाने आणि विडी यांवर ज्या जिल्ह्याचे अर्धे पोट चालते, तेथील खासदारकी विडीच्याच करारात अडकावी हा योग चमत्कारिक खरा.

दुसरा मुद्दा मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा वाटेल. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज फेटाळण्यात आला होता. त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता, म्हणून ते महार राहिले नाहीत, असा आक्षेप होता. चक्रधरांच्या ज्या पंथाचा अभ्यास आपण प्राचीन मराठी गद्याच्या निमित्ताने करतो, त्याच्या आचारधर्माची चर्चा अशा रीतीने सर्वोच्च न्यायालयात झाली. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. ठवरे यांचे सामाजिक व्यवहार महार समाजातच होते आणि समाजही त्यांना आपलाच मानत होता. तेव्हा पंथप्रवेशाने त्यांची जात कायद्याच्या दृष्टीने पुसली गेली नाही. जसानी अपात्र ठरले. दोन्ही जागांसाठी नव्याने मतदान घेण्याची वेळ आली.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली हे तीनच तालुके होते. मालगुजारी नुकतीच, १९५१ मध्ये, संपली होती, पण गावातला मालगुजाराचा दबदबा सरकारी राजपत्राने संपत नसतो. आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होतेच, मग ६३ व्या वर्षी, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झालेले असता, त्यांनी या उन्हात का उतरावे? परोक्ष निवडीने मिळालेली जागा आणि लोकांनी दिलेली जागा यांतील फरक त्यांना जाणवत असावा. ज्या संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले, त्याच्या शिल्पकाराला लोकसभेचे दार एकदाही उघडले नव्हते.

काँग्रेसने राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांना उमेदवारी दिली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते आणि फेडरेशनशी त्यांचे परस्पर साह्याचे धोरण होते. एप्रिलच्या अखेरीस बाबासाहेबांनी जिल्ह्यात सभा घेतल्या. स्थानिक तक्रारींपेक्षा नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावरील टीका हा त्या भाषणांचा मोठा भाग होता. सभेला बसलेल्या शेतमजुराला त्यातले किती उमगले असेल, असा प्रश्न मनात येतो. पण ती माणसे धोरण ऐकण्यापेक्षा बाबासाहेबांना पाहायला आली होती, आणि बाबासाहेब त्यांना मतांसाठी सोपे करून बोलणाऱ्यांपैकी नव्हते.

या निवडणुकीचा पेच मात्र परराष्ट्र धोरणात नव्हता, तो त्या दोन मतपत्रिकांत होता. फेडरेशनच्या मतदाराने पहिले मत हत्तीच्या पेटीत टाकले. दुसऱ्याचे काय करावे? ते दुसऱ्या उमेदवाराला दिले तर त्याचे बळ वाढणार. वाया घालवले तर आपल्या उमेदवाराला सापेक्ष लाभ. कार्यकर्त्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा सांगितले जाते ते असे की, दुसरे मत कुजवावे अशी गळ काहींनी बाबासाहेबांना घातली. उत्तर मुंबईत जे आपल्याविरुद्ध झाले तेच येथे आपल्यासाठी करावे, हा त्यांचा हिशेब होता. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले आणि दुसरे मत मेहतांना द्यावे असे सांगितले. मत वाया घालवण्यास सांगणे हे संविधान लिहिणाऱ्या माणसाला शोभणारे नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्या प्रकाराविरुद्ध दोन वर्षांपूर्वी अर्ज केला तोच स्वतः करणे शक्य नव्हते, असेही म्हणता येईल.

फेडरेशनच्या मतदारांनी शब्द पाळला. अशोक मेहता निवडून आले. मेहतांना मत देणाऱ्या सवर्ण आणि इतर मतदारांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना त्याच प्रमाणात दिले असते तर तेही निवडून आले असते. तसे झाले नाही. आंबेडकरांना सुमारे १ लाख ३२ हजार मते पडली आणि आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी बोरकर विजयी झाले. युतीतला एक भागीदार जिंकतो आणि दुसरा हरतो, तेव्हा मते कोठून कोठे गेली नाहीत हे सांगायला पत्रकाची गरज पडत नाही.

एवढ्यावरून भंडाऱ्याने बाबासाहेबांना नाकारले, असे सरसकट विधान करणे न्याय्य होणार नाही. १ लाख ३२ हजार हा आकडा अनुसूचित जातींच्या मतांपुरता मर्यादित होता असे मानण्यास आधार नाही. इतरांनीही मते दिली असली पाहिजेत. काँग्रेसची बैलजोडी स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई घेऊन उभी होती, बोरकर स्थानिक होते, यंत्रणा गावोगाव होती. तरीही मेहतांचा विजय शेजारी उभा असताना ही कारणे पुरी पडत नाहीत. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मांडलेली शंका ३५ वर्षांनी वैनगंगेच्या काठी मोजून दाखवली गेली, आणि ती मांडणाऱ्याच्याच नावापुढील मतांनी.

४.७ त्यानंतर

बोरकर यांची खासदारकी अल्पकाळाची ठरली. त्यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये भंडाऱ्यात पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. आंबेडकरांनी पुन्हा कोणतीही प्रत्यक्ष निवडणूक लढवली नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील आणि संसदेतील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. राखीव जागेवर निवडून येणारा माणूस बहुसंख्यांना सोयीचा असतो, हा अनुभव त्यामागे होता. ज्या जागांसाठी पुणे करारात एवढा संघर्ष झाला, त्यांच्याविषयीचा हा निष्कर्ष आज वाचताना आश्चर्य वाटते. १९५२ आणि १९५४ चे आकडे शेजारी ठेवले म्हणजे ते ओसरते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी भंडाऱ्यापासून जवळच असलेल्या नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या लाखोंच्या समुदायात वैनगंगेच्या खोऱ्यातून आलेली माणसेही होती. दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. त्यांच्या कल्पनेतील रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही भंडारा द्विसदस्यच राहिला आणि दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. १९६२ मध्ये आसगावच्या मतदाराच्या हाती लोकसभेसाठी एकच मतपत्रिका पडली.